विकणाऱ्याचे मौन

आमच्या खानदेशात जुनी वस्तू पारखून घेण्याची विद्या मोटारीच्या आधीची आहे. ती बैलबाजारात तयार झाली. बैल दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे, हे पाहायला घेणारा स्वतः त्याचा जबडा उघडतो. खूर उचलून पाहतो, चार पावले चालवतो, गाडीला जुंपून पाहतो, आणि मग दलालाच्या रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. विकणारा बाजूला उभा असतो. शिंगांना तेल लावलेले असते, अंग घासूनपुसून चकचकीत केलेले असते. पण दात दाखवायला तो आपण होऊन पुढे होत नाही, आणि त्याने व्हावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. जबडा उघडणे हे घेणाऱ्याचे काम, असा तिथला अलिखित कायदा आहे. लिखित कायदाही त्याहून फारसा निराळा नाही, हे मला वकिलीच्या धंद्यामुळे ठाऊक होते. परंतु हा कायदा शहाण्या माणसाने स्वतःच्या अंगणात पाळावा की नाही, हा प्रश्न मात्र गेल्या वर्षी एका जुन्या जीपमुळे पुढे आला.

माझा पुतण्या रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी केळी करतो. त्याचा मळा आणि डांबरी सडक यांच्यामध्ये दोन नाले आणि कोस-दीड कोस काळी माती आहे. या मातीचा स्वभाव खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवा. उन्हाळ्यात तिला माणसाचा पाय जाईल अशा भेगा पडतात, आणि पाऊस पडला की ती चाकाला अशी चिकटते की चाक फिरते पण गाडी हलत नाही. मागच्या श्रावणात मळ्यावरच्या सालदाराची बायको अडली. रात्रीची वेळ, पाऊस धो धो. तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोणपाटावर निजवून सडकेपर्यंत न्यावे लागले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली हे नशीब. त्या रात्रीपासून पुतण्याने ध्यास घेतला, की चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यायची. नवी घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा जुनी. आणि घरात वकील आहे म्हटल्यावर तो सोबत हवाच.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे कोणत्याही मोटारीला ‘फोर व्हीलर’ म्हणतात. त्यामुळे जळगावात एका विक्रेत्याला आम्ही ‘फोर व्हील ड्राइव्ह पाहिजे’ म्हटले, तेव्हा त्याने एका साध्या बोलेरोभोवती आम्हांला फिरवले आणि म्हणाला, “चारच आहेत साहेब, मोजून घ्या. पाचवे मागे टांगलेले.” बोलेरो गाडी खेड्यापाड्यांत एवढी दिसते, की तिचा उंच बांधा पाहून तीही चिखलाची राणीच असेल असे लोक समजतात. वस्तुतः त्यांतल्या बहुतेकींत इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांनाच मिळतो. पुढच्या चाकांनाही जोर असेल, तर गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एकदोन दांडे दिसतात, आणि खाली वाकले तर पुढच्या एक्सलच्या मध्यावरही मागच्यासारखाच लोखंडी गोळा दिसतो. एवढी ओळख आम्हांला आमच्या मिस्तरींनी पहिल्याच दिवशी करून दिली.

हे मिस्तरी धुळ्याचे. मुंबई-आग्रा आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा, असे दोन मोठे हमरस्ते त्या गावात एकमेकांना छेदतात, त्यामुळे मोटारींचे रोगी तिथे कधी कमी पडत नाहीत. मिस्तरींची तपासण्याची रीत पाहण्यासारखी होती. गाडीजवळ गेले की ते आधी बॉनेटवर हात ठेवत. बॉनेट गरम लागले तर म्हणत, “आपण येण्याआधी हिला कोणी उठवले आहे. संध्याकाळी परत येऊ.” थंड इंजिन कसे सुरू होते, यावरच डिझेलच्या गाडीचे अर्धे वय कळते. मग धूर. निळा असेल तर इंजिन तेल पिते. पांढरा येऊन थांबेचना तर आत पाणी जाते आहे. काळा असेल तर डिझेल पुरते जळत नाही, पंपाकडे पाहावे लागेल. मग तेलाच्या झाकणातून येणारा फुंकर. मग ब्रेकच्या पायट्याचे रबर: मीटर साठ हजार किलोमीटर सांगतो आणि रबर गुळगुळीत झालेले, तर दोघांपैकी रबराचे ऐकायचे. चारही चाकांचा जोर पाहायला ते गाडी डांबरावर मुळीच चालवत नसत. नदीच्या वाळूत उतरवत. कारण कोरड्या डांबरावर वळण घेताना पुढच्या आणि मागच्या चाकांना सारखे अंतर कापायचे नसते, आणि दोन्ही एकाच दांड्याला बांधलेली असली की आतल्या चाकोऱ्यांना पीळ पडतो. वाळूत तो सुटतो. शेवटी ते पोते अंथरून गाडीखाली शिरत आणि लहान हातोडीने चासी ठोकत जात. ठणठण आवाज आला की पुढे. बद्द आवाज आला की थांबत.

डिझेल घ्यावे की पेट्रोल, यावर आमचा अर्धा दिवस गेला. त्यात वाचकांचा घालवत नाही. पेट्रोलचे जुने इंजिन गोड चालते आणि मळ्याचे उत्पन्न पिते, एवढेच सांगतो.

धुळ्यात एक गाडी फार देखणी मिळाली. नवा हिरवा रंग, नव्या गाद्या, आरशाला लिंबू-मिरची. मिस्तरी खाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या बोटांना काळा रंग लागलेला होता. “खालूनही रंगवली आहे,” ते म्हणाले. “वरून रंगवतात ते विकायला. खालून रंगवतात ते झाकायला.” चासीला उजव्या बाजूला जोड होता. पुतण्याने विक्रेत्याला सरळ विचारले, गाडी कधी ठोकली होती का? तो म्हणाला, “गाडी समोर उभी आहे भाऊ, पाहून घ्या.”

हे उत्तर ऐकून माझ्यातला वकील जागा झाला. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे, आणि तिच्याखाली घोड्याची लहान लहान उदाहरणे दिली आहेत. एका माणसाने खोड असलेला घोडा लिलावात विकला आणि खोडीविषयी तो काहीच बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसते गप्प राहणे हा गुन्हा नाही. पण घेणारा जर म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असे मी धरतो,’ आणि विकणारा त्यावरही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच आहे. मी लगेच त्या विक्रेत्याला म्हटले, “तुम्ही नाही म्हणत नाही तोवर चासी सरळ आहे असे आम्ही धरून चालतो.” तो माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला, मग हसला आणि म्हणाला, “चहा घ्या साहेब.” चहा हा होकार की नकार, याचा निर्णय माझ्या माहितीत तरी कोणत्या हायकोर्टाने दिलेला नाही.

आता या विक्रेत्याला दुष्ट म्हणणे सोपे आहे, पण त्याची बाजू दोन हजार वर्षांपूर्वी चांगल्या तत्त्वज्ञांनी मांडलेली आहे. रोमच्या सिसेरोने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात ऱ्होड्स बेटाची गोष्ट आहे. तिथे दुष्काळ पडला आहे. एक प्रामाणिक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. बेटावरच्या लोकांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? डायोजेनीस नावाचा बाबिलोनचा पंडित म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. मी माझा माल आणला, कोणावर घ्यायची सक्ती केली नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसे एकमेकांसाठी आहेत, तेव्हा सांगितलेच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. माझाही कल तिकडेच आहे, पण माझे कारण थोडे निराळे आहे. धान्याच्या व्यवहारात गप्प राहिल्याने घेणाऱ्याचे चार पैसे जास्त जातात. घोडा लंगडा निघाला तर घेणारा पायी जातो. जोडलेल्या चासीची गाडी मात्र लळिंगच्या घाटात उतरते, तिच्यात घेणाऱ्याची बायकोमुले बसलेली असतात, आणि समोरून एस. टी. येत असते. या लोकांनी व्यवहारात भागच घेतलेला नाही. त्यांना जबडा उघडून पाहायची संधी कोणी दिली? ‘पाहून घ्या’ हे घेणाऱ्याला म्हणता येईल. एस. टी.तल्या म्हातारीला कसे म्हणणार? तेव्हा पैशाचे दोष आणि प्राणाचे दोष, हे एका मापाने मोजता येत नाहीत. आणि ब्रेक, सुकाणू, चासी यांविषयी गप्प राहण्याचा हक्क कायद्याने दिला तरी मी तो मानत नाही.

पण पैशाच्या दोषांचे काय? तो प्रश्न अवघड आहे, आणि तो आम्हांला पारोळ्याकडच्या एका खेड्यात भेटला.

तिथे एका शेतकऱ्याच्या विधवेकडे १९७८ साली नोंदलेली जीप होती. उंच बॉनेटची, जुन्या विलीज घराण्यातली, महिंद्राने आपल्याकडे बनवलेली. मूळची पेट्रोलची; पुढे तिच्या यजमानांनी डिझेलचे इंजिन बसवून घेतलेले. आम्ही ओसरीवर टेकतो न टेकतो तोच बाई म्हणाल्या, “भाऊ, पहिलेच सांगी देस, गाडी घाटमा तपस. मंग म्हनशात, बाईनी सांगं नही.” आणि मग त्यांनी एकेक दोष बोटांवर मोजून सांगितला. घाटात तापते. पुढच्या चाकांचा दांडा चार वर्षांत कोणी हलवलेला नाही, तो अडकला असेल. इंजिन बदललेले आहे, पण पुस्तकात त्याची नोंद केलेली आहे. टायर तुम्हांला दिसतातच. मिस्तरी दोन तास गाडीशी झगडले. बाईंनी सांगितलेले सगळे खरे निघाले, आणि न सांगितलेले एकही निघाले नाही. ब्रेक घट्ट, चासी ठणठणीत.

मला वाटले, आता व्यवहार पाच मिनिटांत होईल. झाले उलटेच. बाई एक लाख सत्तर हजार म्हणत होत्या. मिस्तरींच्या हिशोबाने निर्दोष असती तर ती गाडी दोन लाखांची होती, आणि दुरुस्तीला पंचवीस हजार लागणार होते. म्हणजे बाईंनी दोषांची किंमत आधीच वजा केली होती. तरी पुतण्या एक लाख चाळीसच्या वर जाईना. मी त्याला अंगणात निंबाखाली घेऊन गेलो. तो म्हणाला, “काका, जी बाई एवढे दोष सांगते, तिच्या पोटात आणखी किती असतील!”

हे वाक्य मी विसरलेलो नाही. धुळ्याचा विक्रेता एकही दोष सांगत नव्हता, तेव्हा याच मुलाने हिरव्या रंगाच्या गाडीला मागितलेल्या भावाच्या जवळपास जायची तयारी दाखवली होती. जो लपवतो त्याला पूर्ण भाव, आणि जो सांगतो त्याच्याकडून दोषाची किंमत दोनदा वसूल: एकदा सांगितलेल्या दोषासाठी, एकदा न सांगितलेल्या संशयासाठी.

पुतण्या लोभी आहे असे कोणी समजू नये. तो बाजाराचे शिक्षण घेतलेला मुलगा आहे. जॉर्ज अॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध छापला. तिकडे खराब निघालेल्या मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात, तेच त्याच्या शीर्षकात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरासरीचा भाव देतो. त्या भावात चांगली गाडी देणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाडीचा मालक ती घरीच ठेवतो. मग बाजारात वाईट गाड्या उरतात, सरासरी आणखी उतरते, आणि असे होत होत बाजारच बसतो. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. एकाला तर विषयच क्षुल्लक वाटला. २००१ साली त्याच विचारासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या गृहिणींना सांगण्यासारखे म्हणजे, त्या निबंधात आपल्या देशातल्या बाजारातला तांदूळही आहे. तांदळात त्याच रंगाचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि घरच्या बाईला ते बसून निवडावे लागतात, हे त्याने अप्रामाणिकपणाच्या खर्चाचे उदाहरण म्हणून दिले आहे. फसवणारा घेतो त्यापेक्षा जास्त नुकसान होते ते असे; सुपात घालवलेल्या दुपारी कोणाच्याच खिशात पडत नाहीत. आमचे मिस्तरी तरी दुसरे काय करत होते? पोते अंथरून खडेच निवडत होते.

मी पुतण्याला हे सगळे सांगितले नाही. निंबाखाली अर्थशास्त्र चालत नाही. मी एवढेच विचारले, की बाईंनी तापण्याचे सांगितले नसते तर तू किती दिले असतेस? तो बराच वेळ काही बोलला नाही.

तेवढ्यात मिस्तरी आले, आणि प्रकरणाला दुसरेच वळण लागले. गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याखाली, त्या जीपचे मूळचे पेट्रोल इंजिन पडलेले होते. बाईंना भंगारवाला चार हजार म्हणत होता. पुतण्याने बोलता बोलता ते गाडीबरोबर फुकट मागितले होते आणि बाईंनी मान हलवली होती. मिस्तरी हलक्या आवाजात म्हणाले, की त्यावरचा नंबर जुन्या कागदाशी जुळतो. जुन्या जीपा मूळ रूपात उभ्या करण्याचा शौक असलेली मंडळी हल्ली अशा इंजिनाच्या शोधात असतात, आणि नाशिकचा त्यांच्या ओळखीचा एक माणूस पाहताक्षणी चाळीस हजार मोजील.

आता जबड्याची बाजू बदलली होती. आतापर्यंत मौनाचा प्रश्न विकणाऱ्याचा होता. आता घेणाऱ्याला ठाऊक होते आणि विकणारीला नव्हते. पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. कायदा इथेही त्याच्या बाजूने होता. त्याच सतराव्या कलमाखाली शेवटचे उदाहरण दोन व्यापाऱ्यांचे आहे: एकाला भाव पालटल्याची खाजगी बातमी आहे, आणि ती दुसऱ्याला सांगायला तो बांधलेला नाही. शिवाय मिस्तरींची पारख ही फुकट मिळालेली नव्हती; चाळीस वर्षे तेलात हात बुडवून ती मिळवलेली होती. ज्ञानाला काही मोल असायचे तर ज्ञानी माणसाने प्रत्येक ठिकाणी ते ओरडून सांगत फिरायचे का? हा युक्तिवाद पोकळ नाही, आणि बाजारात, व्यापाऱ्यापुढे, मी तो मान्य करीन.

पण त्या उदाहरणांत एक घोडा आणखी आहे. तिथे घेणारी विकणाऱ्याचीच मुलगी आहे, नुकती सज्ञान झालेली. कायदा म्हणतो, इथे नात्यामुळे सांगणे भाग आहे. म्हणजे आमच्या १८७२च्या कायद्यानेसुद्धा सगळा प्रश्न शेवटी नात्यावर आणून सोडला. आणि आपण नाती तरी किती स्वस्तात जुळवतो! ओसरीवर पाय ठेवल्यापासून पुतण्या त्या बाईंना ‘मावशी’ म्हणत होता. त्या त्याला ‘भाऊ’ म्हणत होत्या. मावशीच्या हातचे पाणी प्यायलो, मावशीने केलेली शेव-भाजी जेवलो, आणि इंजिनाच्या वेळी मावशी एकदम दुसरी व्यापारी कशी झाली? नाते बोलताना जोडायचे आणि भाव करताना मोडायचे, ही आपली जुनी सवय आहे. इंग्रजीत दुकानदाराला कोणी मावशी म्हणत नाही. तिथे पहिल्या घोड्याचा नियम निदान सरळपणाने चालतो.

तिथून अमळनेर जवळच. तिथे प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले. साने गुरुजीही तिथे राहून शिकले. पण पुतण्याला तिकडे नेऊन विचार करायला वेळ नव्हता. मी म्हटले, “तू मावशी म्हणालास. आता काय ते तू ठरव.”

त्याने ठरवले. जाऊन सांगितले, जरा तुटकपणे, पायाकडे पाहत. बाई थोडा वेळ गोठ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मग ते राहू द्या, नातू पुण्याला शिकतो आहे, त्याला विचारते. गाडी एक लाख अडुसष्ट हजारांना ठरली. वरचे दोन त्यांनी आपण होऊन सोडले. नोंदणीचे कागद जळगावला झाले, रेडिएटर धुळ्याला झाला, आणि पुढच्या चाकांचा दांडा मिस्तरींनी दोन दिवस तेलात ठेवून मोकळा केला. येताना गाडीत पुतण्या माझ्याशी फारसा बोलला नाही. चाळीस हजार म्हणजे केळीच्या घडांत किती, हे तो मनात मोजत असावा.

यंदा नवरात्रात त्याने आपला जुना माल वाहायचा टेंपो विकायला काढला. चोपड्याचा एक गिऱ्हाईक आला. त्याने विचारण्याआधीच पुतण्याने सांगितले, की तिसरा गिअर चढावर निसटतो. मिस्तरींच्या अंदाजाने काम नऊ हजारांचे होते. गिऱ्हाइकाने वीस हजार कापले. रात्री पुतण्याचा फोन आला. “काका,” तो म्हणाला, “अकरा हजारांचे खरे बोललो. हे कोणाच्या खाती टाकायचे?”

मी विचारले, ब्रेक आणि चासी त्याने पाहिली का?

“नाही,” तो म्हणाला. “गिअरचे सांगितल्यावर त्याने खाली वाकून पाहिलेच नाही. चावी घेतली आणि यावलच्या रस्त्याला लागला.”